व्हीलचेअर मागायची लाज कायले?

राजेहो, बेलोऱ्यावरून विमान उडायला लागल्यापासून माझ्या इनबॉक्सात एक नवीनच प्रश्न यायला लागला आहे. आधी लोक विचारायचे, पीकविम्याचे पैसे कधी येणार, तहसीलमध्ये कोणाला भेटायचं, अमुक रस्त्याचं टेंडर कोणाचं. आता विचारतात, "भाऊ, आईचे गुडघे पार गेले, तिला विमानानं नेता येते का?" "बाबाले पॅरालिसिस होऊन दोन वर्षं झाले, मुलगा मुंबईले बोलावते, नेऊ का?"

आणि परवा आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त मास्तरांनी विचारलं. लहानपणी पोलिओ झालेला, दोन्ही पायांना कॅलिपर, बगलेत कुबड्या. आयुष्यभर याच पायांनी शाळा केली. मुलगी मुंबईला असते, तिचं लेकरू आता चालायला लागलं. मास्तरांनी नातवाला आजवर मोबाइलच्या स्क्रीनवरच पाहिलं. ते म्हणाले, "आमच्यासारख्याले विमानात बसू देतात का हो?"

बसू देतात का. मी या तीन शब्दांवरच अडकलो. तिकिटाचे पैसे भरणारा माणूस परवानगी मागतो आहे. आपल्याकडे अपंग माणसाला, म्हाताऱ्या माणसाला, हे मागून घ्यायची इतकी सवय लागली की हक्काची गोष्टही तो हात जोडूनच विचारतो. म्हणून ही पोस्ट. थोडी लांब आहे, पण ज्यांच्या घरी गुडघे धरून बसलेलं माणूस आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

आधी आपल्या विमानतळाबद्दल. १६ एप्रिल २०२५ ला बेलोऱ्याच्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि अलायन्स एअरचं मुंबईचं विमान सुरू झालं. सुरुवातीला आठवड्यातून तीन दिवस. विमान एटीआर-७२, म्हणजे पंख्याचं, सत्तरेक सीटचं. आपल्या धावपट्टीची लांबी १८५० मीटर, तिला हे छोटं विमान सोयीचं. इथपर्यंत सगळ्यांना माहीत आहे, सेल्फीही भरपूर पाहिले. पण गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी यातली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. नागपूरसारख्या मोठ्या विमानतळावर अनेकदा इमारतीतून थेट विमानाच्या दारापर्यंत जाणारा बोगदा लागतो, त्याला एअरोब्रिज म्हणतात. व्हीलचेअर सरळ दारापर्यंत जाते. एटीआरला तो बोगदा लागत नाही. त्याचं प्रवाशांचं दार मागच्या बाजूला असतं आणि दारालाच घडीच्या पायऱ्या असतात. मोठ्या विमानाच्या शिडीपेक्षा त्या कमी असतात, पण अरुंद असतात. ज्याला पायरी चढता येत नाही, त्याच्यासाठी त्या चार-सहा पायऱ्या म्हणजे चिखलदऱ्याचा घाट.

म्हणून तिकीट काढायच्या आधी स्वतःला एकच प्रश्न विचारा. आपल्या माणसाला नेमकं काय जमत नाही?

"व्हीलचेअर पाहिजे" एवढं म्हणून भागत नाही. विमान कंपन्यांच्या भाषेत व्हीलचेअरचे तीन प्रकार आहेत. पहिला डब्ल्यूसीएचआर. म्हणजे माणूस पायऱ्या चढतो, विमानात चालतो, फक्त लांब चालवत नाही. दुसरा डब्ल्यूसीएचएस. म्हणजे पायऱ्या चढता येत नाहीत, पण विमानाच्या आत गेल्यावर धरून धरून सीटपर्यंत जातो. तिसरा डब्ल्यूसीएचसी. म्हणजे अजिबात चालता येत नाही, सीटपर्यंत नेऊन बसवावं लागतं. त्यासाठी विमानातल्या अरुंद वाटेतून जाणारी बारकी खुर्ची लागते.

गडबड इथं होते. आपण संकोचून सांगतो, "थोडे गुडघे दुखतात तिचे." समोरचा पहिला प्रकार टाकतो. मग ऐनवेळी पायऱ्यांपाशी खुर्ची थांबते, मागचे प्रवासी खोळंबतात, चार जण काखेत हात घालून बाईला वर ओढतात, आणि ती म्हातारी लाजेनं अर्धमेली होते. दोष कोणाचा ते नंतर ठरवत बसा. तिकीट काढताना "पायऱ्या चढता येत नाहीत" हे चार शब्द स्पष्ट बोलले असते तर वर नेण्यासाठी रॅम्प किंवा उचलगाडीची, म्हणजे ॲम्बुलिफ्टची, सोय कंपनीला आधीच पाहावी लागली असती.

लाजेचं सांगतो. ही लाज मी घरात पाहिली आहे.

माझ्या आईला भावाकडे जायचं होतं. नागपूरहून विमान. दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या झिजलेल्या, पण व्हीलचेअरचं नाव काढलं की अंगावर यायची. "नाई बाप्पा! मी का लुळी झाली? लोक पायतीन तं काय म्हणतीन? हळूहळू जाईन मी." मी डॉक्टरचं सांगितलं, पडशील म्हटलं, सगळं करून पाहिलं. शेवटी सहज बोललो, "आई, त्याचे वेगळे पैसे नाहीत, तिकिटातच आहे ते." ती थांबली. "तिकिटातच हाय? मंग सोडायचं कायले? बसतो."

वऱ्हाडी माणसाला हक्क समजवायचा असेल तर असा समजवावा. पण आईचं बोलणं नियमाच्या भाषेतही बरोबरच आहे. देशाच्या हवाई वाहतुकीचं नियमन करणाऱ्या डीजीसीएचा यावर स्वतंत्र नियम आहे. अपंग किंवा हालचाल मर्यादित असलेल्या प्रवाशाला कंपनीनं विमानतळावरून निघण्यापासून ते मुक्कामाच्या विमानतळाबाहेर पडेपर्यंत मदत द्यायची, आणि तीही वेगळे पैसे न घेता. "हालचाल मर्यादित" या शब्दांत आपले म्हातारे आई-बाबा येतात, पाय मोडलेला तरुण पोरगा येतो. त्यासाठी चाळीस टक्क्यांचं सर्टिफिकेट लागत नाही.

हा नियम कोणी आपणहून ताटात वाढला नाही. त्याच्यामागे माणसं आहेत.

१९ फेब्रुवारी २०१२. कोलकात्याच्या जीजा घोष गोव्याला निघाल्या होत्या. त्यांना सेरेब्रल पाल्सी आहे आणि अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या त्या नावाजलेल्या कार्यकर्त्या. गोव्यात अपंगांच्याच प्रश्नावर परिषद होती, भरवणारी संस्था आपल्या मुंबईची, अडॅप्ट. त्या स्पाइसजेटच्या विमानात आपल्या सीटवर बसल्या होत्या. तिथून त्यांना उतरवण्यात आलं. त्या सुप्रीम कोर्टात गेल्या. खटला चालू असतानाच २०१४ मध्ये डीजीसीएनं आपले नियम नव्यानं काढले. १२ मे २०१६ ला कोर्टानं निकाल दिला आणि कंपनीला दहा लाख रुपये भरपाई द्यायला लावली. चार वर्षं एक बाई लढली, म्हणून आज आपले मास्तर "मला बसवा" असं म्हणू शकतात. "बसू देता का" म्हणायची गरज नाही.

दुसरी गोष्ट मे २०२२ ची, रांचीची. एका अपंग मुलाला इंडिगोनं विमानात चढू दिलं नाही, तो घाबरलेला आहे असं कारण सांगून. आई-बापही मग गेले नाहीत. तिथल्या बाकीच्या प्रवाशांनी त्या कुटुंबाची बाजू घेतली, त्यात डॉक्टरही होते. डीजीसीएनं कंपनीला पाच लाखांचा दंड केला आणि त्याच वर्षी नियम आणखी आवळला. आता अपंगत्वाच्या कारणावरून नाकारता येत नाही. प्रवासात तब्येत बिघडेल असं कंपनीला वाटलंच, तर डॉक्टरनं प्रवाशाला प्रत्यक्ष तपासून मत द्यायचं. काउंटरवरच्या माणसानं नुसतं बघून ठरवायचं नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात जड. १२ फेब्रुवारी २०२४, मुंबई विमानतळ. न्यूयॉर्कहून एअर इंडियाच्या विमानानं एक वृद्ध जोडपं उतरलं. वय ऐंशीच्या घरात. व्हीलचेअर दोघांसाठी सांगितलेली होती, मिळाली एक. बायको खुर्चीवर बसली, आजोबा तिच्यासोबत चालत निघाले. इमिग्रेशनपाशी ते कोसळले आणि गेले. कंपनीचं म्हणणं होतं की आम्ही त्यांना दुसरी खुर्ची येईपर्यंत थांबायला सांगितलं होतं, पण त्यांनी पत्नीसोबत चालणं पसंत केलं. डीजीसीएनं ३० लाखांचा दंड ठोकला.

दंड बरोबरच आहे. पण मी त्या आजोबांचाच विचार करत राहतो. बायको पुढं चालली, मागं एकटं कसं थांबायचं? आपल्या घरातलाही कोणताही म्हातारा हेच करेल. "तू बस, मी येतो चालत." आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांचं वळण आहे ते. म्हणून घरून निघतानाच दोघांनाही बजावून ठेवा. दोघांसाठी दोन खुर्च्या सांगितल्या तर दोन येईपर्यंत जागेवरून हलायचं नाही. विमान रिकामं होऊ द्या, सफाईवाले येऊ द्या, एअर होस्टेसनं दहादा घड्याळ पाहू द्या. उठायचं नाही.

आता कामाचं. क्रमानं सांगतो, लिहून ठेवा.

तिकीट. आपल्याकडे बरेच जण ऑनलाइन सेंटरवर जाऊन तिकीट काढतात. तो पोरगा घाईत असतो, "स्पेशल असिस्टन्स" लिहिलेल्या रकान्यावरून पुढं निघून जातो. त्याला थांबवा. तो रकाना भरायला लावा, वरच्या तीन प्रकारांपैकी कोणता ते सांगा. तिकीट एखाद्या ॲपवरून काढलं असेल तर त्यावर विसंबू नका, पीएनआर नंबर घेऊन थेट विमान कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करा. तिकिटावर व्हीलचेअरची नोंद दिसते का ते डोळ्यांनी पाहा.

४८ तास. मदत पाहिजे हे उड्डाणाच्या किमान ४८ तास आधी कळवायचं असतं. ऐनवेळी जावं लागलं, कोणाची तब्येत बिघडली, तर नंतर सांगितलं तरी कंपनीनं शक्य तेवढं करायचं आहे. पण हातात वेळ असताना शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका. फोनवर तीन प्रश्न विचारा. विमान कोणतं आहे? चढायला बोगदा आहे की पायऱ्या? पायऱ्या असतील तर न चढणाऱ्या माणसाला वर कसं नेणार? बोलणाऱ्याचं नाव आणि तारीख वहीत टिपा.

सीट. मोठ्या विमानात दार पुढं असतं, म्हणून पुढची सीट मागा. एटीआरमध्ये उलटं. दार मागं, म्हणून मागची सीट जवळ पडते. वाटेकडेची सीट बरी, उठबस सोपी. संकटकालीन दाराजवळची रांग मात्र अशा प्रवाशाला मिळत नाही, त्यावरून वाद घालू नका. तो सुरक्षेचा नियम आहे आणि योग्य आहे.

डॉक्टरची चिठ्ठी. जन्माचं किंवा जुनं, स्थिर अपंगत्व असेल तर फिटनेस सर्टिफिकेट मागायचा कंपनीला अधिकार नाही. पण नुकतंच ऑपरेशन झालं, हाड मोडलं, हृदयाचा त्रास झाला, ऑक्सिजन लागतो, स्ट्रेचर लागतं, तर गोष्ट वेगळी. तेव्हा डॉक्टरनं भरून द्यायचा फॉर्म असतो, तो आधीच मागवून घ्या. स्ट्रेचरचे पैसे लागू शकतात. ऑक्सिजनचं घरचं सिलिंडर कंपनीच्या परवानगीशिवाय विमानात नेता येत नाही.

स्वतःची खुर्ची, कुबड्या, वॉकर. हे तुमच्या नेहमीच्या सामानात मोजायचं नाही. १५ किलोपर्यंतची अशी साधनं जास्तीचं सामान म्हणून फुकट जातात, विमानात जागा असेल त्याप्रमाणे. एटीआरची डिक्की छोटी, म्हणून खुर्चीचं माप आणि वजन फोनवरच सांगा. खुर्ची बॅटरीची असेल तर आणखी काळजी. लिथियम बॅटरी काढता येत असेल तर ती काढून सोबत केबिनमध्ये घ्यावी लागते, आणि साधारण ३०० वॉट-अवरपर्यंतचीच चालते. ते आकडे बॅटरीवर छापलेले असतात, त्याचा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. खुर्ची सामानात देताना तिचाही फोटो घ्या, म्हणजे काही तुटलं तर पुरावा राहतो.

घर ते विमानतळ. तिवस्याहून नागपूर शंभराच्या वर किलोमीटर. बेलोरा जवळ, पण आधी अमरावती गाठा, मग बडनेऱ्याकडून यवतमाळ रोड. गुडघेवाल्या माणसाला सुमोच्या मागच्या सीटवर कोंबू नका. पुढची सीट मागं सरकवून द्या. वाटेत एकदा उतरून पाय मोकळे करा. विमानतळावर नेहमीपेक्षा अर्धा-पाऊण तास आधी पोहोचा, कारण खुर्ची आणि माणूस यायला वेळ लागतो. सोडायला आलेल्या पलटणीला बिनातिकिटाचं आत जाता येत नाही, हे आधीच माहीत असू द्या. दारावर एअरलाइनच्या माणसाला बोलवा आणि त्याच्या ताब्यात देऊनच निघा.

तपासणी. गुडघ्याची वाटी बदलली असेल, मांडीत रॉड असेल तर मशीन वाजणारच. घाबरायचं काम नाही. मशीनपाशी जायच्या आधीच जवानाला सांगा, ऑपरेशनचा कागद जवळ ठेवा. खुर्चीत बसूनही तपासणी होते. कृत्रिम पाय असेल, कॅलिपर असेल आणि चारचौघांत कपडे सरकवायला सांगितलं, तर बाजूच्या बंद जागेत तपासा असं म्हणा. बायांची तपासणी बाईनंच करायची. ऑक्टोबर २०२१ मध्ये नृत्यांगना सुधा चंद्रन यांनी व्हिडिओ टाकला होता, दरवेळी कृत्रिम पाय काढायला लावतात म्हणून. त्यानंतर सीआयएसएफनं जाहीर माफी मागितली. एवढ्या नावाजलेल्या बाईला बोलावं लागलं, तर आपण बोलायला कशाला कचरायचं?

लघवीचं. हे कोणी लिहीत नाही, आणि म्हातारी माणसं याच भीतीनं प्रवास टाळतात. काही आया तर सकाळपासून पाणीच पीत नाहीत. तसं करू नका, चक्कर येते. विमानात बसायच्या आधी विमानतळावरच अपंगांसाठीच्या मोठ्या स्वच्छतागृहात जाऊन या. छोट्या विमानातलं स्वच्छतागृह फार अरुंद असतं. गरज वाटली तर मोठ्यांचं डायपर लावा, त्यात कमीपणा नाही. रोजच्या गोळ्या, इन्सुलिन, चिठ्ठी हातातल्या पिशवीत. डिक्कीच्या बॅगेत नाही.

उतरल्यावर. इथं मी पुन्हा आईचं सांगतो. जाताना ती एकटीच होती. मी नागपूरला सोडलं, भाऊ पलीकडे घ्यायला. त्या शहराचं आणि कंपनीचं नाव घेत नाही. विमानातून तिला खुर्चीत बसवून आणलं, एका खांबाजवळ उभी केली, आणि पोरगा "आलोच" म्हणून गेला. तो पाऊण तास आला नाही. फोन तिच्या पिशवीत, पिशवी खुर्चीच्या मागं टांगलेली. तिचा हात पोहोचेना. भाऊ बाहेर काचेतून शोधतोय, आत येता येत नाही. घरी पोहोचल्यावर ती मला फोनवर म्हणाली, "खुर्ची तं देली रे, पण माणूसच नेला."

यावरून तीन गोष्टी शिका. फोन गळ्यात किंवा हातात, पिशवीत नाही. खुर्ची ढकलणाऱ्याचं नाव सुरुवातीलाच विचारून घ्या, "बेटा, नाव काय तुझं?" नावानं हाक मारता आली की माणूस एकदम निघून जात नाही. आणि बाहेर घ्यायला येणाऱ्याकडे एअरलाइनचा नंबर असू द्या. त्या ढकलणाऱ्या पोरांबद्दलही राग धरू नका. एकेका पोरावर चार-चार खुर्च्या असतात. आनंदानं दहा-वीस रुपये द्यायचे तर द्या, पण मागितले म्हणून द्यावेच लागतात असं नाही.

तक्रार. आधी तिथल्या एअरलाइनच्या काउंटरवर लेखी द्या आणि पोच घ्या. काम नाही झालं तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचं एअरसेवा नावाचं ॲप आणि पोर्टल आहे, तिथं पीएनआरसकट टाका. फेसबुकवर शिव्या घालून मन मोकळं होते, फाईल हलत नाही. हे मी पत्रकार असून सांगतो.

आता थोडं कडू बोलतो. धडधाकट माणसंही हल्ली व्हीलचेअर घेतात. रांग टळते, इमिग्रेशनला पुढं जाता येते, सामान दुसरा ढकलतो. विमानतळावर खुर्चीत बसून आलेला माणूस बाहेर पडताच टणाटण चालत टॅक्सीकडे जाताना मी पाहिला आहे. आपल्या गावच्या लोकांना एकच सांगणं. विमानतळावर खुर्च्या मोजक्या असतात आणि ढकलणारेही. तुम्ही रांग टाळायला एक अडवली तर ती कोणाच्या तरी आजोबाला कमी पडते. मुंबईत त्या दिवशी एकच खुर्ची कमी पडली होती.

शेवटचा मुद्दा आपल्या तालुक्याचा. जून २०२५ मध्ये आपल्याच गुरुकुंज मोझरीला बच्चू कडूंचं अन्नत्याग आंदोलन झालं. शेतकऱ्यांच्या कर्जमाफीसोबत दिव्यांगांना महिन्याला सहा हजार रुपये मानधन ही त्यातली मोठी मागणी होती. राजकारणावर तुमचं-माझं मत काहीही असो, दिव्यांगांचा प्रश्न महाराष्ट्रात चव्हाट्यावर आणण्यात अमरावती जिल्ह्याचा वाटा आहे, हे कोणी नाकारणार नाही. २०२२ मध्ये राज्यानं दिव्यांगांसाठी वेगळं खातंही काढलं. मग याच जिल्ह्यातला नवा कोरा विमानतळ अपंगांसाठी राज्यात सगळ्यात सोयीचा असावा, ही मागणी आपण का करू नये?

ही मेहेरबानीची मागणी नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात लिहिलेलं आहे. बसस्टँड, रेल्वे स्टेशन आणि विमानतळ, तिन्हींच्या ठिकाणी पार्किंग, स्वच्छतागृह, तिकीट खिडकी अपंगांना वापरता येईल अशी पाहिजे. तिन्ही शब्द नीट वाचा. विमानतळ शेवटी आहे, बसस्टँड आधी. कारण मास्तर मुंबईच्या विमानात नंतर बसतील, आधी त्यांना तिवस्याच्या स्टँडवर बसची ती गुडघाभर उंच पहिली पायरी चढायची आहे. ज्याच्याकडे गाडी आहे तो कसाही बेलोऱ्याला पोहोचतो. ज्याच्याकडे नाही, त्याचा विमानप्रवास स्टँडवरच अडतो.

म्हणून माझी सूचना साधी आहे. जिल्ह्यातल्या दिव्यांग संघटनांचे चार-पाच जण, एक कुबडीवाला, एक खुर्चीवाला, एक अंध, एक गुडघे गेलेली आजी, यांना विमानतळाच्या आणि एसटीच्या अधिकाऱ्यांनी सोबत घ्यावं. तिवसा स्टँडपासून बेलोऱ्याच्या विमानाच्या दारापर्यंत एकदा प्रत्यक्ष प्रवास करावा. जिथं खुर्ची अडेल तिथं खडूनं खूण करावी. एका दिवसाचं काम आहे. कोटींचं टेंडर लागत नाही. मी या मागणीचं निवेदन तयार करतो आहे. तालुक्यातल्या ज्या संघटनांना सही करायची आहे त्यांनी कळवावं, आपण सगळे मिळून कलेक्टर साहेबांकडे जाऊ.

आणि बेलोऱ्याहून किंवा नागपूरहून घरच्या म्हाताऱ्या माणसाला, अपंग माणसाला कोणी नेलं असेल, तर काय नीट झालं आणि काय अडलं, दोन्ही मला लिहून पाठवा. तारीख आणि विमान लिहा, नाव नाही लिहिलं तरी चालेल. निवेदनाला जोडायला ते कामी येईल.